टोमॅटोंना पाणी कोण घालतं

४ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण हल्ली घरात तुमच्यापेक्षा त्यांचंच जास्त चालतं असं तुम्हीच लिहिलं आहे. आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मागच्या वेळी मी टोमॅटोंबद्दल बोलत होते आणि तुम्ही तुमच्या भाडेकरूबद्दल, आणि शेवटी आपण दोघी "बरं, बरं" म्हणून मोकळ्या झालो. त्यापेक्षा पत्र बरं.

मुद्द्यावर येते. तुम्ही पाठवलेल्या बियांची रोपं छान वाढली, माझ्या कमरेच्या वर गेली. पण आता खालच्या पानांवर तपकिरी डाग पडायला लागले आहेत. नुसता ठिपका नाही. आत एक गोल, त्याच्या बाहेर दुसरा गोल, कोटाच्या मोठ्या बटणाला कडा असतात तशा. भोवती पिवळं पडतं, मग सगळं पान वाळतं आणि देठाला लोंबत राहतं. आधी अगदी जमिनीलगत होतं, आता वर चढतं आहे. फळं धरली आहेत, पण सगळी हिरवी.

समोरच्या प्लंबरनं दुकानातून एक औषध आणून दिलं होतं. बाटलीवर लिहिलंय की फवारल्यावर काही दिवस फळ खाऊ नका आणि हात साबणानं धुवा. ते मी वरच्या फळीवर ठेवून दिलं. तुमचे बंधू येता-जाता टोमॅटो तोडून तोंडात टाकतात, कच्चा असला तरी. त्यांना "आज नको, परवा खा" सांगत कोण मागे फिरणार. तेव्हा विषारी काही नको. तुम्ही इतकी वर्षं बाग केलीत, शाळेत पोरांना झाडं शिकवलीत, तर घरच्या घरी काय करता येईल ते कळवा.

आणि दुसरी गोष्ट. दर वर्षी दिवस लहान व्हायला लागले की हे महिनाभर तुमच्याकडे येतात. टाकी साफ करतात, नळांचे वायसर बदलतात, तुमच्याशी भांडतात आणि वजन वाढवून परत येतात. या वर्षी जमेलसं दिसत नाही. झाडांना असा रोग लागलेला असताना त्यांचा पाय घरातून निघत नाही. सगळ्या शहराला वेळेवर पाणी सोडणारा माणूस, निवृत्त झाल्यावर त्याच्या हाती हा एवढासा वाफा राहिला, तर जीव गुंतणारच. तुम्ही म्हणाल, टोमॅटोंसाठी भावानं बहिणीला टांग दिली. तसंच समजा आणि आम्हाला माफ करा.

बाकी नेहमीचंच. इकडच्या शाळा सप्टेंबरात उघडतात, त्यामुळे माझ्याकडे गणवेशांचा ढीग आहे. सुट्टीत पोरं वाढतात आणि आया माझ्याकडे येऊन म्हणतात, जरा दुमड सोडून द्या. दुमडीत कापडच ठेवलेलं नसतं, तर मी काय सोडणार. ह्यांची तब्येत ठणठणीत. भूक चांगली लागते. दिवसभर बागेत असतात, त्यामुळे रंगानं काळे झाले आहेत.

उत्तराची वाट बघते. झाडंही बघताहेत.

तुमची भावजय

२० सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. चार पानी पत्र आणि त्यात साडेतीन पानं टोमॅटो, म्हणजे तुमची तब्येत चांगली आहे असं मी धरून चालते.

तुम्ही याला करपा म्हणालात आणि सांगितलंत की याचं मूळ मातीत असतं. पाण्याचा थेंब मातीवर आपटतो, चिखल उडून खालच्या पानाला लागतो आणि तिथून रोग शिडी चढावी तसा वर जातो. हे वाचल्यावर मी वाफ्याकडे नव्या नजरेनं बघितलं. खालची पानं खरंच चिखलानं माखलेली होती. मी आजवर त्याला धूळ समजत होते.

सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. खालची सगळी पानं हातभर उंचीपर्यंत छाटली. कापडाची कात्री वापरली नाही, तेवढी मी वेडी नाही. दोरे कापायची जुनी कात्री घेतली आणि प्रत्येक झाडानंतर गरम पाण्यात बुडवून पुसली. तोडलेली पानं खताच्या खड्ड्यात न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. झाडं काठ्यांना बांधली, त्यासाठी माझ्याकडच्या चिंध्या कामाला आल्या. सध्या आपले टोमॅटो शाळेच्या निळ्या गणवेशात उभे आहेत. मातीवर वाळलेलं गवत जाड अंथरलं, म्हणजे चिखल उडायला नको. खाण्याचा सोडा, थोडं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब बाटलीभर पाण्यात मिसळून पानांच्या वरून-खालून फवारलं.

तरी म्हणावा तसा फरक नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं हे मला ठाऊक आहे, पण इथे मुंगी निघालेलीच दिसत नाही. गवत ओलं राहून खालून कुजायला लागलं. फवारलेलं पानावर टिकत नाही. आणि आता आणखी एक नवीन: झाडं दुपारी माना टाकतात. माती ओली असताना माना टाकतात. वरची कोवळी पानंही फिकी पडली आहेत.

तुम्ही विचारलंत, पाणी कोण घालतं, केव्हा घालतं, वरून घालतं की मुळाशी. पाणी हे घालतात. दुसरं कोण घालणार. आयुष्यभर तेच केलं, जमिनीखालचे वॉल्व्ह फिरवायची ती उंच लोखंडी चावी घेऊन पहाटे बाहेर पडायचं आणि एकेका भागाला पाणी सोडत जायचं. आता बागेच्या नळाला पाइप लावून तसंच चालतं. परवा मी खिडकीतून विचारलं, "झालं का पाणी?"

"खालच्या गल्लीचं झालं," हे म्हणाले. "टेकडीवरच्यांचं बाकी आहे. तिथं दाब पोचत नाही."

टेकडी म्हणजे वाफ्याची भिंतीकडची बाजू, तिथे माती वीतभर उंच आहे. ह्यांचा थट्टेखोर स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही लिहिता, मी सांगते तसं केलंस तर पंधरवड्यात रोग आवरेल, मग त्याला पाठवून दे, मी स्टेशनवर माणूस पाठवते. ताई, रोग आवरला तरी लगेच पाठवेन असा शब्द देत नाही. गाडीचा प्रवास लांबचा आहे. मधे गाडी बदलावी लागते. आता वय झालं. तुम्ही म्हणाल, तू बरोबर ये. माझ्याकडे गणवेशांनंतर लगेच थंडीच्या कोटांचं काम सुरू होतं, ते सोडून मला हलता येत नाही.

वाचून बघितलं तर मलाच हे पत्र कारणांची यादी वाटतं आहे. पण पुन्हा लिहायला वेळ नाही. सोडा आणि तेलाचं प्रमाण बरोबर आहे ना तेवढं कळवा.

तुमची भावजय

३ ऑक्टोबर

ताई,

तुमचं पत्र छोटं आलं. छोटं पत्र म्हणजे तुम्ही रागावलात.

"तुझ्या दोन्ही पत्रांत सगळं आहे, फक्त पाणी किती घातलं जातं तेवढं नाही," असं तुम्ही लिहिलंत. "ओल्या मातीत झाड माना टाकतं ते मुळं गुदमरतात म्हणून. कोणी तरी दिवसभर पाणी ओततंय. पाणी तोड, बाकी सगळे उपाय त्यानंतर." आणि खाली, वेगळ्या शाईनं: "माझ्या भावाला माझ्याकडे पाठवायचं नसेल तर तसं सांग. टोमॅटोंच्या आड लपू नकोस."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून पाण्याचं सांगते. पाणी हे घालतात आणि पुन्हा पुन्हा घालतात. सकाळी घालून घरात येतात, चहा पितात, पुन्हा बाहेर जाऊन घालतात. मी सोडा फवारून पाठ फिरवली की पाइप घेऊन पानं स्वच्छ धुतात. वरून, चांगली धार सोडून. घातलंय असं सांगितलं की म्हणतात, "कोणी घातलं? मी तर आत्ता ड्यूटीवर आलो." विसरतात. वयानं होतं असं.

तुमचा उपाय मला पटला. प्लंबरला बोलावलं आहे. बागेकडे जाणाऱ्या पाइपला स्वयंपाकघरात, सिंकखाली, एक बंद-चालू करायचा नळ बसवून घेते. सकाळी एकदा मी आतून चालू करीन, मुळाशी पाणी झालं की बंद. ह्यांना वाद घालायला नको आणि झाडं वाचतील.

भावाला पाठवायचं की नाही याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, पण तुमच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

भावजय

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र बसून, शांतपणे वाचा. कोणाला काही झालेलं नाही. हे आत्ता बागेत आहेत, मला खिडकीतून त्यांची टोपी दिसते आहे. मशीन बंद करून लिहायला बसले आहे.

प्लंबर आला तो नळ बसवायला. हा तोच, पाणीपुरवठ्यात ह्यांच्या हाताखाली काम शिकला आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. सिंकखाली वाकून मोजमाप घेतलं आणि तसाच वाकलेला मला म्हणाला, "म्हणजे साहेबांच्या नळाला मी कुलूप घालायचं का, वहिनी?"

मी म्हटलं, "टोमॅटो मरताहेत."

त्यानं काम चोख केलं आणि चहा न घेता गेला. तेव्हा मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तुमचं पत्र होतं, आणि तुमचं पत्र बरोबर होतं. तीन-चार दिवसांत माती सुकली. झाडांनी माना वर केल्या. फवारलेलं पानांवर टिकायला लागलं, नवीन पानांवर डाग दिसेना. तुमच्या शिकवण्यात खोट नव्हती हे आधी लिहून ठेवते.

त्या दिवसांत हे नळ उघडून बघायचे, पाणी नाही म्हटल्यावर थोडं पुटपुटायचे आणि घरात येऊन बसायचे. मी त्यांना जुने कपडे उसवायला द्यायचे. शांत बसून दोरे काढायचे. मला वाटलं, निभावलं.

मग गेल्या आठवड्यात दुपारी हे आत आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "लाइन बंद आहे."

मी कोटाला अस्तर लावत होते. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. मान वर न करता म्हटलं, "असेल कुठेतरी फुटली."

ताई, दुसऱ्या कुठल्याही माणसाला हे सांगितलं असतं तर तो आडवा होऊन झोपला असता. मी ते जन्मभर पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगितलं. मला ते सुचलं कारण ते सगळ्यात सोपं होतं.

मशीनच्या आवाजात मला दार वाजलेलं कळलं नाही. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले आणि बाहेर पडून पहिल्या घरापासून एकेक दार वाजवायला सुरुवात केली. मला हे नंतर शेजारणींकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. प्रत्येक घरी एकच निरोप: "लाइन फुटली आहे, काम चालू आहे. पाणी उशिरा येईल, पण येईल. तोवर जपून वापरा. त्रासाबद्दल माफी असावी." जुन्या लोकांनी ऐकून घेतलं. एक-दोघं हसली. एका नव्या भाडेकरूनं दार तोंडावर लावून घेतलं, तर ह्यांनी बंद दाराला निरोप सांगितला आणि पुढे गेले. बेकरीवाल्या बाईंनी त्यांना आत नेऊन नळ सोडून दाखवला, "हे बघा की भाऊ, येतंय पाणी." ह्यांनी धारेखाली हात धरला आणि म्हणाले, "हे टाकीतलं आहे. संपेल. भरवशावर राहू नका."

आपली गल्ली संपली तरी हे थांबले नाहीत. पुढची घेतली, मग त्याच्या पुढची. प्लंबरला कोणीतरी सांगितलं तेव्हा तो दुकान उघडं टाकून शोधत निघाला. शाळेच्या पलीकडे ह्यांना एका पायरीवर बसलेलं बघितलं. हे एका बाईंना विचारत होते, "ही गल्ली कुठल्या भागात येते हो? आमची इकडे नेमणूक नवीन आहे." त्या गल्लीखालचा एकेक पाइप ह्यांच्या देखरेखीखाली टाकलेला आहे.

प्लंबर म्हणाला, "साहेब, लाइन जोडली. चला, वॉल्व्ह उघडायला तुम्ही हवेत."

हे लगेच उठले. "आधी का नाही बोलावलंस? लोक ताटकळलेत."

दोघं घरी आले तोवर मी शेजारची घरं पालथी घालून परत आले होते. प्लंबर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, नळ उघडा." मी सिंकखाली शिरले आणि उघडला. पाइप आधी खडखडला, मग पाणी धावायला लागलं. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "आलं! आलं पाणी!" मी तिथेच, भांडी घासायच्या साबणाशेजारी बसून रडले. बाहेर यायला मला वेळ लागला. प्लंबरनं तेवढ्या वेळात स्वतः चहा करून घेतला आणि मलाही दिला.

आता जे लिहायचं ते लिहिते. ह्यांना विसराळूपणा नाही, आजार आहे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गोळ्यांचा फारसा उपयोग नाही हेही सांगितलं. तुम्हाला ते नाव सांगायला नको. तुमच्या वडिलांना तेच होतं आणि त्यांचं सगळं तुम्ही केलंत.

हे कळलं त्या दिवशी हे पूर्ण भानावर होते. दवाखान्यातून चालत घरी येताना म्हणाले, "ताईला कळवायचं नाही."

मी म्हटलं, "बहिणीपासून कसं लपवणार?"

"तिनं बाबांचं केलं. भरवलं, धुतलं, रात्री-अपरात्री शोधून आणलं. आणि शेवटी बाबा तिलाच म्हणाले, 'बाई, तुम्ही कोण?' मी दारात उभा होतो. तिचा चेहरा मी बघितलाय. मी तिला तसं विचारलेलं तिनं ऐकायचं नाही. त्याआधी मेलेलं बरं." मग म्हणाले, "शब्द दे." मी दिला.

म्हणून गाडी लांबची झाली, म्हणून कोटांचं काम आलं, म्हणून टोमॅटोंना रोग झाला. रोग खराच झाला होता, त्यात खोटं नाही, पण तो मला सोयीचा होता. तुमचं पहिलं पत्र आलं आणि त्यात इतके चांगले उपाय निघाले तेव्हा, खरं सांगते, मला धास्ती वाटली. झाडं बरी झाली तर तुम्हाला काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तसं आपलं चाललं होतं. तुम्ही तिकडून मनापासून औषध लिहीत होतात आणि मी तुम्हाला रोगी दुसराच दाखवत होते.

मी तुम्हाला भावापासून तोडत नव्हते. मी त्यांनी घातलेली शपथ पाळत होते. आज मोडते आहे. ह्यांना दिलेला शब्द मी आजवर कधी मोडला नव्हता आणि आज मला त्याचं वाईट वाटतं आहे, पण पश्चात्ताप होत नाही. हे मी का करते आहे ते सांगते.

आधी झाडांचं संपवते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. सिंकखालचा नळ आता कायमचा उघडा आहे. वाफा ह्यांचा. मी त्यातली रोगट झाडं काढली आणि पुदिना लावला, त्याला कितीही पाणी चालतं. टोमॅटोंच्या बगलेतून निघालेले निरोगी कोंब खुडून पेल्यात पाण्यात ठेवले होते, त्यांना मुळं फुटली. ती रोपं डब्यांत लावून मशीनच्या खोलीतल्या खिडकीत ठेवली आहेत. तिथे पाइप पोचत नाही. मी कपानं मुळाशी पाणी देते. तुमच्या बियांचं नाव राहील एवढी ती नक्की जगतील.

आता कालचं. संध्याकाळी हे पुदिन्याला पाणी घालत होते. पाणी वाफ्यातून वाहून पायवाटेवर आलं होतं. मी म्हटलं, "पुरे झालं आता. सगळीकडे पोचलं."

"शेवटच्या घरी पोचलं का?"

"कुठल्या?"

"ताईच्या," हे म्हणाले. "ते लाइनीच्या टोकाला आहे. सगळे भरून घेतात आणि तिथे नळाला नुसती हवा येते. ती हंडा घेऊन उभी असेल. तिची शाळा बुडते."

ताई, तुमच्या लहानपणीच्या घराची ही गोष्ट मला ह्यांनी लग्नानंतर एकदा सांगितली होती. तुम्ही नळापाशी उभ्या राहायच्या आणि हे तुमच्या शेजारी, तुमचं दप्तर सांभाळत. त्यानंतर कधी तो विषय निघाला नाही. पाणीपुरवठ्यात नोकरी का धरली असं कोणी विचारलं की सरकारी नोकरी म्हणून धरली असं सांगायचे. मीही तेच खरं मानलं होतं.

मी म्हटलं, "पोचलं तिच्याकडे. भरला तिचा हंडा."

ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू बघितलंस का जाऊन? मग कशी सांगतेस?"

आणि नळ बंद करू दिला नाही. अंधार पडला तरी पाइप धरून उभे होते. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही असं नाही. पण मी त्या घरी कधी नव्हते आणि हे त्यांना पक्कं आठवतं.

तेव्हा तुम्ही या. मला येता येत नाही आणि त्यांना पाठवता येत नाही. काठी घ्या, माणूस सोबत घ्या, पण या. बाबांनी विचारलं ते हेही एक दिवस विचारतील, तुम्हाला आणि मलाही. अजून ते विचारत नाहीत. अजून तुमचं नाव रोज घेतात. तुम्ही इथे त्यांच्यासमोर उभ्या राहा आणि तुमच्या तोंडानं एकदा सांगा, की पाणी पोचलं, हंडा भरला, शाळेत वेळेवर गेले.

तुम्ही येईपर्यंत मी नळ चालूच ठेवते.

तुमच्या धाकट्या भावाची बायको